राहतं घर

"आधी मशीन हलवा," रोशनबी म्हणाली. "बाकीचं मागनं बघू."

मशीन म्हणजे कापूस पिंजायची मशीन. आता तिचा नुसता काळा सांगाडा उरला होता. शुक्रवारी दुपारी रसूल जुम्म्याच्या नमाजला गेला आणि इकडं मोटरीत ठिणगी पडली. पुढची पत्र्याची खोली गेली, मधल्या घराचं लाकडी छप्पर गेलं, मागचं स्वयंपाकघर तेवढं काळं होऊन उभं राहिलं. माणसं वाचली, छपराचं काय घेऊन बसलात, असं येणारा-जाणारा सांगत होता. ज्यांच्या डोक्यावर छप्पर शाबूत होतं, ते जरा जास्तच सांगत होते. आज सोमवार होता आणि विमा कंपनीचा सर्व्हेअर बारामतीहून अकराच्या एसटीनं यायचा होता.

वाजिदनं शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि सांगाड्याचं एक टोक धरलं. रोशनबीनं दुसरं. या मायलेकांनी एकत्र मिळून एखादं काम केल्याला कितीतरी वर्षं झाली असतील.

"कुठं निघालायसा?" रसूलनं उंबऱ्यावरून विचारलं.

"मागच्या उसात," रोशनबी म्हणाली.

"का? चोरीची हाय का मशीन?"

वाजिदनं सांगाडा खाली ठेवला. तो बारामतीच्या एका पतसंस्थेत कारकून होता. खातेदारांना कर्जाचे नियम समजावून सांगायची त्याला सवय होती आणि बापाशीही तो हळूहळू त्याच आवाजात बोलायला लागला होता.

"अब्बा, नीट ऐका. आपला विमा राहत्या घराचा हाय. भिंती, छप्पर, कपाट, भांडीकुंडी. धंद्याचा न्हाय."

"धंदा घरातच हाय की."

"तेच सांगायचं न्हाय. घरात धंदा चालतुया आन आपण तो कळवला न्हाय, असं दिसलं तर कंपनी घराचं पण देणार न्हाय. सगळाच दावा बाद करतील."

"आन लोकांचा कापूस?"

"तो तर यात धरतच न्हाईत. दुसऱ्याचा माल आपल्या ताब्यात असंल तर तो वेगळा सांगावा लागतो. आपण सांगितलेला न्हाय."

रसूलनं जळक्या चौकटीवरून हात फिरवला. मग म्हणाला, "माझ्या छपराखाली आलं त्ये माझ्या जिम्मेदारीवर आलं. घराचा विमा म्हंजी घरात असलेल्या सगळ्याचाच की रं."

"कंपनी तसं मानत न्हाय."

"मग मला कुणी सांगितलं का न्हाय?"

वाजिद खाली वाकला. त्यानं सांगाडा पुन्हा उचलला.

अनिसा मागच्या दाराशी काळी पातेली घासत होती. तिला सगळं ऐकू येत होतं आणि ऐकू येत नसल्यासारखं दाखवणंही तिला जमत होतं. सासरी येऊन चार वर्षं झाली होती. इंदापुरात तिच्या माहेरी लग्नाची बोलणी झाली, तेव्हा मुलाचे वडील साखर कारखान्यातून रिटायर झालेत, असं वाजिदच्या मध्यस्थाकडून सांगण्यात आलं होतं. लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी सकाळी ती मशीनच्या आवाजानं दचकून जागी झाली. "वेळ जात नाही म्हणून करतात," वाजिद म्हणाला. पुढं माहेरची माणसं यायची तेव्हा वाजिद मशीनवर चादर टाकायचा, आणि ती चादर सारखी करायला अनिसा हात लावायची. त्या गोष्टीची तिला आज, हातात राखेचा गोळा धरलेला असताना, फार लाज वाटत होती.

खरं तर विम्याचा सर्वांत जास्त अभिमान रसूललाच होता. त्याची एक पद्धत होती. तो गिऱ्हाइकाला घरची चादर आणायला लावायचा. गादी उसवून निघालेला कापूस त्याच चादरीत बांधायचा आणि पिंजून झाला की परत त्याच चादरीत. एका घरचा कापूस दुसऱ्या घरच्या गादीत गेला, असं सणसरपासून अंथुर्ण्यापर्यंत कुणी म्हणालं नसतं. वाजिदनं विमा उतरवल्यापासून मात्र गाठ मारता मारता तो आणखी एक गोष्ट सांगायला लागला होता. "निवांत जावा. घराचा विमा हाय. तुमच्या कापसाला काय झालं तर कंपनी भरून देती." कुणी विचारलेलं नसायचं. पण पोरगा शिकला, खुर्चीत बसतो आणि बापाच्या घराची काळजी वाहतो, हे एवढ्या एका गोष्टीत सांगून व्हायचं. म्हणून तो ती सगळ्यांना सांगायचा.

सारजाबाईलाही सांगितली होती.

ती दहाच्या सुमाराला आली. दोन घरं पलीकडं राहायची. नवरा कारखान्यात बॉयलरवर. येत्या रविवारी पोरीचं लग्न होतं, आणि पोरीला द्यायच्या दोन गाद्यांचा कापूस शुक्रवारी रसूलच्या पुढच्या खोलीत होता. त्यातला अर्धा सारजाबाईच्या मेलेल्या आईच्या गादीतला होता. विकत आणलेल्या कापसात तो मिसळून घ्यायचा, म्हणजे आजीचं अंथरूण नातीबरोबर जाईल, असं तिच्या मनात होतं. रसूलनं तो कापूस हातात घेऊन किती चांगला आहे म्हणून सांगितलं होतं.

"मी काय भांडायला आलेली न्हाय, रसूलभाई," ती म्हणाली. असं म्हणत येणारं माणूस कशासाठी येतं ते सगळ्यांनाच माहीत असतं. "एवढंच सांगा, कंपनी कवा देणार? लगीन आयतवारी हाय."

रसूल उठून उभा राहिला.

"मावशी, तुम्ही दुपारनंतर या," वाजिद मध्येच म्हणाला.

"का? दुपारनंतर काय कापूस उगवणार हाय?"

"आत्ता साहेब यायचे आहेत."

"मग बरंच झालं की. मीच सांगते साहेबाला, माजं किती हुतं ते."

रोशनबीनं तिचा हात धरला आणि तिला भिंतीकडं नेलं. आवाज खाली आणला, पण छप्पर नसलेल्या घरात कुजबूज कुठं लपते. "सारजा, तुज्या पाया पडते. साहेबापुढं तुजा कापूस हितं हुता म्हणू नगंस. धंदा कळला तर आमचं घर जाईल. पावसाळ्याच्या आत छप्पर न्हाय चढलं तर आमी जायचं कुठं?"

"म्हंजी माजा कापूस नव्हताच?"

"आजच्या दिवस नव्हता."

सारजाबाईनं वळून रसूलकडं पाहिलं. "तुमीच म्हणला हुता न्हवं, विमा हाय म्हणून? मी विचारलं पण नव्हतं."

"म्हणलो हुतो," रसूल म्हणाला.

"मग?"

"मला ठावं नव्हतं."

साठीला आलेल्या या माणसानं कधी कुणाच्या कापसातली मूठभर काढली नव्हती, आणि आज त्याला शेजारणीच्या तोंडाकडं बघवत नव्हतं. चोरी केली असती तर निदान शिव्या तरी घालून घेता आल्या असत्या. सारजाबाई गेली नाही. पदर खोचून भिंतीला टेकून खाली बसली आणि कुणाची तिला ऊठ म्हणायची हिंमत झाली नाही.

सर्व्हेअर आला तो चालत आला. हातात कॅमेरा, खांद्याला पिशवी, पिशवीत मोजायची टेप. चाळिशीचा, हळू बोलणारा माणूस. चपला बाहेर काढू का म्हणून त्यानं विचारलं. जळालेल्या घरात असं विचारणारा माणूस पाहून रोशनबीला भडभडून आलं आणि लगेच भीतीही वाटली. रागीट माणसाशी खोटं बोलणं सोपं असतं.

त्यानं भिंती मोजल्या, फोटो काढले. वाजिद टेपचं दुसरं टोक धरून हिंडला. वाजिदची भाषा एकदम बदलली होती. "हाय"चं "आहे" झालं होतं, हसणंही निराळं. रोशनबीला आपलाच पोरगा पाहुण्यासारखा वाटला.

"घरात कोण कोण राहतं?"

"आई-वडील. आम्ही दोघं बारामतीला असतो, शनिवार-रविवार येतो."

"वडील काय करतात?"

"रिटायर आहेत. कारखान्यातून."

सर्व्हेअर रसूलकडं वळला. "कुठल्या खात्यात होतात, बाबा?"

रसूलचा कारखान्याशी संबंध एवढाच, की तिथल्या गेस्ट हाऊसच्या गाद्या त्यानं दोनदा भरून दिल्या होत्या. त्यानं आपल्या हातांकडं पाहिलं. नखांच्या कडेला अजून कापसाचे तंतू होते; ते कितीही धुतले तरी जात नसत.

"हुतो असाच," तो म्हणाला. "पडंल त्या कामाला."

सर्व्हेअरनं मान हलवली आणि पुढच्या खोलीत गेला. तिथं पाणी मारून विझवलेल्या कापसाचा काळा लगदा गुडघाभर साचला होता. मशीन उसात गेली होती, पण कापूस कुठं नेणार? त्यानं पायानं एक जळकं गाठोडं उलटवलं, मग दुसरं.

"घरात एवढा कापूस?"

"लगीन निघालंय आमच्यात," रोशनबी चटकन म्हणाली. "गाद्या भरायच्या हुत्या. सगळा आमच्याच घरचा हाय."

"आणि प्रत्येक गाठोडं वेगळ्या चादरीत?"

"आमच्यात तसंच बांधत्यात."

सर्व्हेअरनं आणखी एक गाठोडं पायानं सरकवलं. मग वाजिदला म्हणाला, "विचारावं लागतं, राग मानू नका. पॉलिसी फक्त राहत्या घराची आहे. घरात एखादा धंदा असेल आणि तो कळवलेला नसेल, तर अडचण येते. लोकांचा ठेवलेला माल तर यात येतच नाही. त्यामुळं कापूस कुणाचा, हे मला लिहावं लागेल."

"आमचाच," वाजिद म्हणाला.

सर्व्हेअरची नजर भिंतीशी बसलेल्या सारजाबाईवर गेली. "या तुमच्यापैकी?"

वाजिदनं हातातली टेप गुंडाळायला घेतली. सारजाबाई सावकाश उठली, पदर झटकला.

"न्हाय वो. मी शेजारीण. चुलीला इस्तू मागायला आले हुते."

आग लागून तीन दिवस झालेल्या घरात ती विस्तव मागायला आली होती. सर्व्हेअरला कुठं बघावं ते कळेना. सारजाबाई उंबऱ्यापर्यंत गेली आणि रसूलच्या अंगावरून जाताना तिनं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिनं त्यांचं घर वाचवलं होतं आणि तोंडावर थुंकलीही होती, दोन्ही एकाच वेळी. ती भांडली असती तर किती बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

एवढ्यावर भागलं असतं तरी चाललं असतं. पण सर्व्हेअर चहाची कपबशी हातात घेऊन अंगणात उभा होता तेव्हाच गल्लीच्या तोंडाला सायकलची घंटी वाजली.

अंथुर्ण्याचे अप्पा. डोक्याला मुंडासं, सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं आवळलेली जुनी गादी. अप्पा स्वतःच्या लग्नातल्या गादीपासून रसूलच्या बापाचे गिऱ्हाईक, आणि मग रसूलचे. ऐकायला कमी येऊ लागल्यापासून जगालाच ऐकू येत नसल्यासारखे ते ओरडून बोलत.

"रसूलभाई! अवो, ह्ये काय झालं?" त्यांनी सायकल भिंतीला लावली. "आग लागली व्हय? आमाला काय कळलंच न्हाय की!"

सर्व्हेअरनं कपबशी खाली आणली. वाजिद त्याच्या शेजारी उभा होता. त्यानं बापाकडं पाहिलं आणि डोळ्यांनीच विनवलं. लहानपणी मास्तरांनी घरी निरोप धाडला, की तो बापाकडं असाच बघायचा.

"अप्पा, तुमी चुकलाय," रसूल हळू आवाजात म्हणाला.

"काय म्हणला?"

"तुमी चुकून आलायसा."

"आवाज न्हाय येत! ही गादी पिंजून पायजे. नात बाळातपणाला आलीया, तिला टोचती म्हणती. जळालं असलं तर असू द्या, मी ठिवून जातो, सवडीनं करा!" अप्पांनी सुतळी सोडायला घेतली.

रसूल पुढं झाला. त्यानं अप्पांच्या हातावर हात ठेवला आणि सुतळी सोडू दिली नाही. आणि मग, दुसरा काही इलाजच नव्हता म्हणून, तो ओरडला.

"हितं पिंजारी राहत न्हाय!"

गल्लीत दोन दारं उघडली. सारजाबाईचं एक. अप्पांनी रसूलच्या तोंडाकडं पाहिलं. ऐकू आलं होतं, यात शंका नव्हती. ते बराच वेळ पाहत राहिले, मग मागं उभ्या असलेल्या दोन पॅन्ट-शर्टवाल्या साहेबांकडं पाहिलं, मग पुन्हा रसूलकडं.

"व्हय का," ते म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा इतक्या हळू म्हणाले असतील. "मग चुकलो बघा."

त्यांनी सैल झालेली सुतळी पुन्हा आवळली, सायकल वळवली आणि चालतच निघाले. मागच्या चाकावर गादी एका बाजूला कलली होती. रोशनबी दारात उभी होती. सकाळपासून हा सगळा खेळ तिनंच मांडला होता, आणि नवरा ते वाक्य ओरडला तेव्हा तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता. बत्तीस वर्षं तिनं कापसाची धूळ खाल्ली, खोकली, या धंद्याला शिव्या घातल्या. तिच्या शिव्या वेगळ्या होत्या.

सर्व्हेअरनं चहा संपवला. पिशवी बंद केली. निघताना तो अंगणाच्या कडेला थांबला.

"मला जे सांगितलं ते मी लिहिलंय," तो वाजिदला म्हणाला. "घरापुरतं होऊन जाईल, असं वाटतं." मग रसूलला ऐकू जाईल इतपत मोठ्यानं म्हणाला, "आपलं म्हणून सांगतो. कुणी गादीवाला असता, तरी त्याला विमा मिळतो बरं का. धंदा सांगायचा, मशीन दाखवायची, लोकांचा माल ठेवतो तेही सांगायचं. हप्ता जरा जास्त बसतो, इतकंच. पण सगळं मिळतं."

तो गेला. उंबऱ्यावर बसलेल्या रसूलला ते समजायला थोडा वेळ लागला.

"म्हंजी सारजाबाईचं बी मिळालं असतं?"

वाजिदनं अंगणातली कपबशी उचलली.

"तुला ठाव हुतं ह्ये?"

"एजंटनं विचारलं होतं," वाजिद म्हणाला. तो अजून साहेबाच्याच भाषेत होता. "वडलांचा काही धंदा आहे का म्हणून."

"मग?"

"मी नाही म्हणालो."

"हप्ता जास्त पडतो म्हणून?"

वाजिदनं हो म्हटलं असतं तर ते खपून गेलं असतं. रसूलनं ते मानलं असतं, रोशनबीनं तर आनंदानं मानलं असतं. वाजिदनं तोंड उघडलंही. पण मागच्या दारातून अनिसा बोलली.

"हप्त्याचं न्हाय, अब्बा. एजंट पतसंस्थेत बसून विचारत होता. चार माणसांच्या पुढं." तिनं हातातलं पातेलं खाली ठेवलं. "तिथं सगळ्यांना सांगितलंय, वडील कारखान्यात होते म्हणून. आमच्या घरी पण तेच सांगितलं होतं. मला पहिल्या दिवसापासनं ठाव हाय. मी पण गप्प बसले."

"अनिसा," वाजिद म्हणाला.

"काय अनिसा? मी मशीनवर चादर टाकत आले तुमच्यासंगं."

रोशनबीनं मुलाकडं पाहिलं. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं; पाहुण्यांपुढं मशीनवर चादर पडायची ती धुळीसाठी, असंच ती समजत होती. धंदा लपवायचा तो कंपनीपासून, एवढंच ती धरून चालली होती. तो आधीच सगळीकडं लपवलेला आहे, हे तिला आत्ता कळलं, आणि सकाळी मशीनचं दुसरं टोक आपण कशासाठी धरलं होतं तेही.

रसूल चिडला नाही. चिडला असता तर वाजिदला सोपं गेलं असतं.

"मी आज एकदा म्हणलो," तो म्हणाला. "हितं पिंजारी राहत न्हाय, म्हणून. एकदाच म्हणलो तर जीव जायची पाळी आली. तू कवापासनं म्हणतुयास?"

वाजिद जमिनीकडं बघत राहिला. आता त्याची भाषा पुन्हा घरची झाली.

"नोकरीला लागल्यापासनं."

"व्हय," रसूल म्हणाला. जणू काही एखाद्यानं त्याला गादीचं माप सांगितलं. थोड्या वेळानं म्हणाला, "अप्पांचं वय झालंय. गादी लादून उन्हात सायकल मारवणार न्हाय. स्टँडवर पाणी प्यायला थांबतील. जा, त्यांना माघारी घिऊन ये."

"मी?"

"मी ओरडलो त्ये तुज्यासाठी. परत घ्यायला तू जा. सांग, माजा बाप पिंजारी हाय म्हणून."

"अब्बा, साहेब स्टँडवरच असत्याल. एसटी बाराची हाय. त्यांनी ऐकलं तर घराचं पण जाईल. लिहिलेलं सगळं खोटं ठरंल."

हे खरं होतं आणि सगळ्यांना ते कळत होतं. वाजिदनं आईकडं पाहिलं. सकाळपासून ती त्याच्या बाजूनं होती. रोशनबीनं वर पाहिलं, जिथं छप्पर असायला हवं होतं तिथं. मग तिनं मान फिरवली.

"ताडपत्री बांधू," ती म्हणाली. "जा. तुजं अब्बा सांगत्यात ते ऐक."

स्टँड म्हणजे लिंबाचं झाड, एक बाक आणि एक रसवंती. बाकावर सर्व्हेअर बसला होता, पिशवी मांडीवर. झाडाच्या दुसऱ्या बाजूला अप्पा रांजणातलं पाणी पीत होते. सायकल खोडाला टेकवलेली होती.

वाजिद रस्त्याच्या अलीकडं थांबला. एसटी येऊ दे, असं त्याच्या मनात आलं. साहेब गेले की मग सांगू. काय फरक पडतो? अप्पांना कळल्याशी काम. बापाला कुठं कळणार आहे, साहेब तिथं होते की नव्हते ते. त्यानं बारामतीच्या रस्त्याकडं पाहिलं. उसाचे ट्रॅक्टर एकामागून एक चालले होते, मोठ्यानं गाणी लावून. एसटीचा पत्ता नव्हता. कारखाना निघाल्यापासून ती गाडी कधी वेळेवर आली नव्हती, आजच कशाला येईल.

सर्व्हेअरनं त्याला पाहिलं आणि ओळखीचं हसला. वाजिदनंही हसल्यासारखं केलं. आपण हे हसू किती सहज आणू शकतो, याची त्याला तिथल्या तिथं इतकी शरम वाटली, की डोळ्यांपुढचा रस्ता धूसर झाला.

अप्पांनी तोंड पुसलं, सायकल सरळ केली आणि पायडलवर पाय ठेवला.

वाजिद रस्ता ओलांडून धावत गेला आणि त्यानं हँडल धरलं.

"अप्पा, थांबा. घरी चला."

"काय?"

"घरी चला म्हणतो. रसूलभाईंकडं."

"काय म्हणताय? मोठ्यानं बोला!"

रसवंतीवाल्यानं घुंगरू लावलेलं चाक फिरवायचं थांबवलं. बाकावरून सर्व्हेअर बघत होता. वाजिदला बापाचा मघाचा आवाज आठवत होता. तसा आवाज आपल्याकडं आहे की नाही, याचीच त्याला खात्री नव्हती.

"तितं पिंजारी राहतो!" तो ओरडला. "रसूल पिंजारी! त्यांचं घर हाय, त्यांची मशीन हाय, तितंच कापूस पिंजत्यात! मघाशी बोलले ते खोटं हुतं!"

बाकावर सर्व्हेअरनं मांडीवरची पिशवी उघडली.

अप्पांनी मान हलवली. उन्हामुळं डोळे बारीक करून त्यांनी वाजिदच्या इस्त्रीच्या शर्टाकडं, मग त्याच्या तोंडाकडं नीट पाहिलं.

"ते मला ठाव हाय, साहेब," ते म्हणाले. "पण तुमी कोण?"